शिसारी

वेसाव्याच्या नमिताला कशाची किळस यायची नाही. अंधेरीच्या बाजारात तिच्या बाजूला बसणाऱ्या बायका हे कौतुकाने सांगायच्या. बर्फ संपून दुपारच्या उन्हात फुगलेला मासा असो, त्याच्या पोटातून ओढून काढलेली काळी घाण असो, ती एका हाताने ते सगळं बाजूला सारायची आणि दुसऱ्या हाताने चहाचा ग्लास तोंडाला लावायची. किळस लोकांना यायची, आणि ती तिची यायची. पाटी दिसली की रिक्षावाले "मच्छी है क्या?" विचारून न थांबता सटकायचे. फूटपाथवरून जाणाऱ्या बायका ओढणी नाकाला लावायच्या. नमिता त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "लाव, लाव. रात्री हाच ताटात घेऊन बोटं चाटशील."

तिची मुलगी रोशनी तिच्याच वळणाची निघाली. दात आले तशी ती माशाचं डोकं फोडून चोखायला लागली. बांगड्याचा डोळा तिला आधी हवा असायचा. तो गालात धरून ती चाळीतल्या मुलांना जीभ बाहेर काढून दाखवायची आणि पोरं "शीऽऽ" करून पळाली की खूश व्हायची.

सहा वर्षांची असताना रोशनीला रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधांनी तो गेला, आणि ती चौथीत जाते न जाते तोच परत आला. या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, नुसत्या औषधांनी भागायचं नाही. हाडातली सगळी जुनी मूळपेशींची बाग जाळून टाकायची आणि दुसऱ्याची रुजवायची. नमिताचा नवरा परेश, जो बोटीवर जायचा, त्याचं निम्मं जुळलं. त्याच्या रक्तातल्या पेशी काढून गोठवून ठेवल्या आणि रोशनीला मुलुंडच्या एका हॉस्पिटलात काचेच्या खोलीत नेलं. सोबत एकालाच राहता येणार होतं. नमिता राहिली.

ज्या दिवशी परेशच्या पेशी रोशनीच्या अंगात गेल्या, त्या दिवशी नमिताला आयुष्यात पहिल्यांदा शिसारी आली.

पिशवी छोटी होती, टोमॅटोच्या साराच्या रंगाची. गळ्याखाली बसवलेल्या नळीतून ती सावकाश आत गेली. सुनंदा सिस्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "पेशी गोठवताना त्यात एक औषध घालतात. त्याचा वास येईल. तिच्या श्वासातून येईल, अंगातून येईल. घाबरू नका, दोनेक दिवसांत जातो." नमिता मनात हसली होती. वासाचं मला सांगता?

पण तो वास आला तेव्हा ती खुर्चीतून उठून उभी राहिली. सडका लसूण, त्यात मका उकडलेलं, आंबलेलं पाणी, आणि त्याच्याखाली काहीतरी गोडसर. माशाच्या वासाला एक सरळपणा असतो, तो कुठून येतो ते कळतं. हा वास तिच्या लेकीच्या तोंडातून येत होता. रोशनी "आई, इकडे बस ना" म्हणाली की प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा एक भपकारा यायचा. नमिता बसली. मास्कच्या आत तोंडाने श्वास घेत बसली. खोलीला उघडणारी खिडकी नव्हती.

पुढचे दिवस याहून वाईट गेले. औषधांनी रोशनीच्या तोंडातली कातडी सोलून निघाली. लाळ गिळता येईना. ती जाड, चिकट व्हायची आणि दोरीसारखी हनुवटीवरून गळ्यापर्यंत लोंबायची. नमिता ती बोटांना गुंडाळून ओढून काढायची. खालून हिरवं पाणी जायचं. डायपर बदलताना कातडी कापसाला चिकटून यायची आणि रोशनी ओरडायचीही नाही, नुसती डोळे मिटून घ्यायची. पोटात अन्न जावं म्हणून नाकातून एक बारीक नळी घातली होती. तिच्यातून पिठूळ दुधासारखं काहीतरी थेंब थेंब जायचं आणि कधी कधी जसंच्या तसं वर यायचं.

नमिता सगळं करत होती. हात थांबत नव्हते. पण आतून काहीतरी मागे सरायचं, तेही तिला कळत होतं. बाथरूममध्ये जाऊन ती नळ सोडायची आणि कोरड्या ओकाऱ्या काढायची. आपल्याच पोरीची घाण, आणि आपल्याला सोसवत नाही? ती तोंड धुऊन, मास्क लावून परत यायची.

परेशच्या पेशी रुजल्या. रिपोर्ट चांगले यायला लागले, तोंड भरून आलं. डॉक्टरांनी हॉस्पिटलजवळ राहायला सांगितलं, कारण ताप आला तर तासाभरात पोहोचायला हवं. परेशने मुलुंडला एका सोसायटीत भाड्याने खोली घेतली. मालक हर्षदभाईंनी किल्ली देताना हात जोडून सांगितलं, "बेबीसाठी आमी पण प्रार्थना करू. फक्त नॉनव्हेज नको हां." नमिताने हो म्हटलं. तसंही मासे कापायचा कोयता हातात धरून तिला कित्येक महिने झाले होते.

नाकातली नळी अजून होती, पण आता पोर जेवेल, असं सगळ्यांना वाटलं. रोशनी जेवेना.

वरणभात समोर आला की तिचा चेहरा आखडायचा. घास ओठांशी नेला की खांदे वर जायचे आणि घशातून एक आवाज यायचा. नमिताने इडली करून पाहिली, शिरा केला, बटाट्याची भाजी केली, तिच्या आवडीचे तांदळाचे घावन केले. रोशनीने घावनाचा कोपरा चावला आणि तो जिभेवरून ताटलीत सोडून दिला. ओला, पांढरा, दातांच्या खुणा असलेला. पूर्वी नमिताने तो उचलून स्वतःच्या तोंडात टाकला असता. आता तिने तो कागदाने उचलला.

मग एका दुपारी नमिता तिचे नुकते उगवायला लागलेले केस पुसत होती, तेव्हा रोशनीने मान वळवली आणि पांघरुणाची कड नाकाला लावली.

"काय गं?"

"तुझा वास येतोय."

"कसला वास? माशाला शिवलेपण नाही मी."

"माहीत नाही. येतो. थोडी लांब बस ना, आई."

नमिता उठली. लिंबाने हात घासले, कोपरापर्यंत घासले, साबण लावला, परत लिंबू. रस्त्यावरच्या हजार बायकांनी नाकाला ओढणी लावली होती आणि तिला कधी काही झालं नव्हतं. तिने आरशात पाहिलं आणि तिला स्वतःच्या अंगाची किळस आली.

त्याच आठवड्यात परेशची आई पुतळाबाई वेसाव्याहून आली. मास्क लावला होता, पण हनुवटीवर. नातीच्या काटक्यांसारख्या हाताकडे बघून ती आधी रडली आणि मग चिडली.

"असा कंदी कुनी बरा झालाय काय खाल्ल्याबिगर? लाडावलंय पोरीला तुम्ही. नाकात पाइप घातलाय तर ती कशाला तोंड उघडेल? नाटकं हायत सगळी."

"आई, डॉक्टर म्हणाले जबरदस्ती नको," नमिता म्हणाली.

"डॉक्टरने किती पोरं वाढवली?"

फोनवर तर रोज कोणी ना कोणी होतंच. नणंद म्हणायची पपईच्या पानांचा रस दे. परेशच्या मामाने कुठल्याशा पावडरीचा व्हिडिओ पाठवला. समोरच्या फ्लॅटमधली बाई दारात उभी राहून म्हणाली, "आमचा देवेश पण असाच करायचा, दोन फटके दिले, सरळ झाला." नमिताला या सगळ्यांच्या तोंडांची घाण वाटायला लागली. दुसऱ्याच्या पोराच्या पोटात काय जावं हे सांगताना किती चवीने बोलतात माणसं! पण तिच्या मनातही तेच होतं. खरंच नाटक करत असली तर? नळी आहे म्हणून निवांत असली तर?

पुतळाबाईने पिशवीतून डबा काढला. कोळंबीचं पाणी. घरी उकळून, गाळून, डबा घट्ट बंद करून आणलेलं. "हे तिचं आवडीचं. एकदा जिभेला लागू दे, मग बघ. इसरलीय ती चव."

नमिताने ते परत उकळलं. खिडक्या लावल्या, सोसायटीत वास जाऊ नये म्हणून. त्या बंद खोलीत कोळंबीचा वास दाटला तशी रोशनी भिंतीकडे सरकली.

"नको. आई, नको. प्लीज."

"एकच चमचा. बघ, मी तुला कधी जबरदस्ती केलीय?"

पुतळाबाईने नातीचे हात धरले, मायेनेच धरले. नमिताने तिचं नाक चिमटीत पकडलं, जसं लहान असताना औषध देताना पकडायची तसं. तोंड उघडलं. चमचा आत गेला.

रोशनीने गिळलं. क्षणभर वाटलं झालं. मग तिचं पोट आत ओढलं गेलं आणि ती ओकली. सकाळपासून नळीतून गेलेलं सगळं आंबट दूध फुटून बाहेर आलं, नमिताच्या छातीवर, मानेवर, उघड्या तोंडावर. दुसऱ्या उबळीबरोबर पोटातली नळीच वर आली. तिचं एक टोक अजून गालाला चिकटपट्टीने लावलेलं, नाकात गेलेलं, आणि दुसरं टोक तोंडातून बाहेर लोंबत होतं, चिकट, पिवळं, गांडुळासारखं. रोशनी त्याच्याभोवती श्वास घ्यायचा प्रयत्न करत होती आणि आईकडे बघत होती.

नमिताने तिला धरायला हवं होतं. तिने ढकललं नाही, पण ती मागे सरली. स्पष्ट, एक पाऊल मागे. हात अंगापासून लांब धरून "शी" म्हणाली. मग बाथरूमकडे पळाली.

बाहेरून औषधं घेऊन नेमका परेश आला. त्याने चप्पलही न काढता पोरीला मांडीवर घेतलं, गालावरची पट्टी सोडवली आणि नळी हळूच बाहेर काढली. "झालं, झालं बाळा. निघाली बघ." पुतळाबाई भिंतीशी टेकून "देवा, देवा" करत राहिली. बाथरूमच्या जमिनीवर बसलेल्या नमिताला हे ऐकू येत होतं. तोंडात कोळंबीची आणि आंबट दुधाची चव होती. ती कितीही थुंकली तरी जात नव्हती.

हॉस्पिटलात नळी परत घातली. घालताना रोशनी रडली नाही. ती आईकडे बघतच नव्हती.

डॉ. श्वेता ट्रान्सप्लांटच्या मुलांच्या खाण्यापिण्याचं बघायच्या. वयाने नमिताएवढ्याच, कपाळावर कायम आठी. त्यांनी काय झालं ते ऐकून घेतलं, ओरडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे. रोशनीला त्यात घ्यायचं का, ते विचारायचं होतं. भूक लागल्याचा आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला कसा जातो माहितीये? पोट आणि आतडी रक्तात काही हार्मोन सोडतात. एक म्हणतो खा, दुसरे म्हणतात पुरे. ट्रान्सप्लांटच्या औषधांनी आतड्याचं अस्तर भाजून निघतं. मग हे निरोप बिघडतात का, किती दिवस बिघडतात, ते आम्ही बघतोय. सकाळी उपाशीपोटी थोडं रक्त, मग एक पेय प्यायला द्यायचं, मग थोड्या थोड्या वेळाने परत रक्त. सुई नाही, गळ्याखालच्या नळीतूनच."

नमिताच्या अंगाला अजून ओकारीचा वास येत होता. ती ऐकत होती आणि तिच्या डोक्यात संताप चढत होता.

"म्हणजे माझी पोर ओकणार आणि तुम्ही ते मोजणार."

"तसं नाही—"

"मग कसं? रक्त काय कमी घेतलंत आतापर्यंत? तिला भूक लागायचं औषध द्या ना. अभ्यास कसला करता? घाण वाटते मला याची, मॅडम. खरंच घाण वाटते."

परेशने तिच्या दंडाला हात लावला. डॉ. श्वेता म्हणाल्या, "नाही म्हटलंत तरी चालेल. उपचारात काही फरक पडणार नाही."

तेव्हा पलंगावरून रोशनी बोलली. नळी घातल्यापासून पहिल्यांदाच.

"त्याच्यात कळेल?"

"काय कळेल, बाळा?" डॉ. श्वेतांनी विचारलं.

"मी नाटक नाही करत ते."

सुनंदा सिस्टर सलाइनचा स्टँड उगाच सरळ करायला लागल्या.

"मग घ्या रक्त," रोशनी म्हणाली. "मला चालेल."

नमिताने सही केली. सही करताना पेन तिच्या बोटांना चिकटल्यासारखं वाटलं.

रक्त द्यायच्या दिवशी सकाळी आईलेक हॉस्पिटलच्या डे-केअरच्या कोपऱ्यात बसल्या होत्या. पहिलं रक्त घेऊन झालं होतं. सुनंदा सिस्टरांनी कागदी पेल्यात पेय आणून दिलं, फिकट, घट्टसर, व्हॅनिलाच्या वासाचं. जेवढं जाईल तेवढं पी, राहिलेलं नळीतून देऊ, म्हणाल्या. रोशनीने पेला दोन्ही हातांत धरला आणि त्यात बघत बसली.

नमिता मुद्दाम लांब बसली होती, वास जाऊ नये म्हणून.

"कसं वाटतं गं?" तिने विचारलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिने हे विचारलं होतं. आतापर्यंत ती "खातेस का" एवढंच विचारायची.

रोशनीने विचार केला. "आई, तू कधी उलटी खाल्लीस?"

"शी! काय बोलतेस!"

"तसं वाटतं. सगळंच. भात, घावन, सगळं. कोणीतरी आधी खाऊन ओकलंय आणि परत ताटात घातलंय. आणि सगळे माझ्याकडे बघतात, खा खा. मला पण माहितीये तो भात आहे. पण पोट म्हणतं नाही." तिने एक घोट घेतला, डोळे गच्च मिटले, गिळला. "आणि पोट कायम भरलेलं असतं. लग्नात खूप जेवल्यावर असतं ना, तसं. काही न खाता."

नमिताच्या जिभेवर ती बाथरूममधली चव परत आली. आंबट दूध आणि कोळंबी. त्या चवीवर कोणी भाताचा घास ठेवला असता, तर? रोशनीने पेला तिच्याकडे पुढे केला, "तू पिऊन बघ." नमिताने सिस्टरांकडे पाहिलं. "तिचं नका पिऊ, वेगळं देते," म्हणत त्यांनी थोडं दुसऱ्या पेल्यात दिलं. नमिताने चाखलं. गोडगिट्ट, खडूसारखं, जिभेला साय धरणारं.

"काय भयंकर आहे गं हे."

"बघ!" रोशनी म्हणाली, आणि किती दिवसांनी तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला.

दुपारी शेवटचं रक्त घेतल्यावर डॉ. श्वेता आल्या. रोशनीने लगेच विचारलं, "कळलं?"

डॉक्टर स्टुलावर बसल्या. "रोशनी, खरं सांगू? हे रक्त आता गोठवून ठेवणार. खूप मुलांचं जमलं की एकत्र तपासणार. एकेकट्याचा रिपोर्ट मिळत नाही. हे मी आईबाबांना सांगितलं होतं, तुला नीट सांगायला हवं होतं."

रोशनीचा चेहरा पडला. "मग आजीला कसं सांगणार?"

"तू नाटक करत नाहीस हे मला रक्ताशिवाय माहितीये. इथे येणारी कितीतरी मुलं महिनोन्‌महिने जेवत नाहीत. का, ते पूर्ण कळलेलं नाही. म्हणून तर शोधतोय. पण होतं ते खरं होतं."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?" नमिता फाटकन म्हणाली. "भूक हळूहळू येईल, जबरदस्ती नको, एवढंच सांगत होतात. तिला सगळं ओकलेलं वाटतं, हे कोण सांगणार होतं आम्हाला?"

"चुकलंच," डॉ. श्वेता म्हणाल्या. "आम्ही वजन बघतो, मिलीलीटर बघतो. कसं वाटतं ते विचारायचं राहून जातं."

नमिताचा राग त्याने गेला नाही. पण निदान समोरची बाई तोंड फिरवत नव्हती.

घरी पुतळाबाई पेज करून बसली होती. नमिताने पातेलं उचललं आणि ओट्यावर मागे ठेवलं.

"आई, आजपासून तिला कोणी जेव म्हणायचं नाही. तुम्ही नाही, मी नाही. नळीतून जातंय तेवढं पुरेसं आहे."

"म्हंजे? माझ्या हाताची शिसारी आली काय तिला?"

"माझीपण येते. जन्म दिला मी, माझीपण येते. तिचं पोट तसं झालंय. आणि मला तिची आली त्या दिवशी. तुम्ही पाहिलंत ना मी कशी पळाले ते? मग नऊ वर्षांच्या पोरीला आली तर काय नवल!"

पुतळाबाईने पदर डोळ्यांना लावला. दोन दिवस ती नमिताशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी वेसाव्याला निघून गेली. जाताना नातीजवळ थांबली, मास्क नीट वर ओढला आणि लांबूनच म्हणाली, "बरी हो गो बाय. खा, नको खाऊ, पन बरी हो."

त्यानंतर घरात जेवण म्हणजे चोरटं काम झालं. नमिता आणि परेश स्वयंपाकघराचं दार लोटून जेवायचे. मोठ्यांच्या ताटाचा वासही रोशनीला पोचू नये म्हणून फोडणी बंद. तिच्या बाजूला स्टुलावर एक झाकलेली वाटी असायची. तिच्यात काय आहे, उघडली का, कोणी विचारायचं नाही. वाटी रोज तशीच परत यायची. नमिता ती धुवायची. ओकाऱ्या होत होत्याच. नमिता बादली धरायची, आणि नाक मुरडलं गेलं तर लपवायची नाही. "फार घाण वास आहे गं," ती सरळ म्हणायची. रोशनी म्हणायची, "मलापण येतोय." मग दोघी मिळून बादलीवर झाकण ठेवायच्या.

किती आठवडे असे गेले ते नमिताने धरून ठेवलं नाही.

एका संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. पाठीमागे कुरकुर आवाज आला. रोशनी खाटेवर मांडी घालून बसली होती. एका हातात मारी बिस्किटाचा नवा फोडलेला पुडा, दुसऱ्या हातात केचपची छोटी पुडी, परेशने कुठूनतरी आणलेल्या सामानातली. तिने केचप बिस्किटावर पिळलं, बोटाने पसरलं आणि अर्धं बिस्कीट तोंडात घातलं. चावलं. गिळलं. खांदे वर गेले नाहीत. मग उरलेलं घातलं. तोंडाच्या कडेने लाल ओघळ आला, त्यात बिस्किटाचा लगदा.

नमिता घडी हातात धरून बघत राहिली. मारी आणि केचप. त्या गोड आंबट चिखलाच्या नुसत्या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

"शी गं, रोशनी! काय खातेस ते!"

"बघू नकोस ना मग," रोशनी भरल्या तोंडाने म्हणाली आणि दुसऱ्या बिस्किटावर पुडी पिळायला लागली.